वही लिहिणाऱ्या पोरी

गिरणगावात १९६०च्या आगेमागे जन्मलेल्या आम्हा पोरींना नोकरी लागायच्या कितीतरी आधी कारकुनी येत होती. आईची शाळा दुसरी-तिसरीत सुटलेली, बाप पाळीवर नाहीतर पाळीवरून येऊन झोपलेला, भाऊ मैदानात. राहता राहिलो आम्ही. पदराला हात पुसत आई म्हणायची, "बस गं, जरा लिही." मग दप्तर बाजूला सरकायचं आणि फडताळातून वह्या निघायच्या. वाण्याची, खानावळीची, भिशीची, गावच्या मंडळाच्या वर्गणीची. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड, कुठल्याही चाळीतल्या आमच्या वयाच्या बाईला विचारा, यातली निदान एक वही तिच्या अक्षरात भरलेली असते.

चाळीच्या आठवणींवर आता इतकं लिहून झालंय की चकल्यांची ताटली या दारातून त्या दारात गेल्याशिवाय लेख पुरा होत नाही. 'माणुसकी होती हो तेव्हा' हे वाक्यही ठरलेलं. माणुसकी होती, नाही कशाला म्हणू? पण नुसत्या माणुसकीवर शंभर खोल्यांची चाळ चालत नाही, हे वह्या लिहिणाऱ्या पोरींना तेव्हाच कळलं होतं. चालायची ती हिशेबावर. कुणाचं किती येणं, कुणाला पगारापर्यंत थांबायचं, कुणाकडे या महिन्यात तोंडच उघडायचं नाही, हे सगळं ठरलेलं आणि बरंचसं लिहिलेलं असायचं. आज मोठमोठ्या सभागृहांत 'स्थानिक अर्थव्यवस्थेच्या केंद्रस्थानी माणसाचं स्वास्थ्य' असं काहीबाही बोलतात, तेव्हा मला तेलाचे डाग पडलेली ती पानं दिसतात.

वाण्याची वही सगळ्यात सोपी. एक त्याच्याकडे, एक आपल्याकडे. तो आकडे गुजराती लिहायचा, त्यामुळे गुजरातीचा एक धडाही न शिकता आम्हाला त्यातले आकडे वाचता यायचे. पावशेर गोडेतेल, छटाकभर चहा, साबणाची अर्धी वडी. वाणी काही संत नव्हता. मापात हात आखडता घ्यायचा, भावात दोन पैसे जास्तीचे लावायचा. पण बाप बदलीवर, म्हणजे कायम नसून गैरहजर कामगाराच्या जागी, असला आणि आठवडाभर गिरणीच्या दारातून परत यावं लागलं, तरी पीठमीठ बंद होत नसे. गिरणीच्या फाटकावर पगाराच्या दिवशी उभ्या राहणाऱ्या पठाणाचं व्याज आणि वाण्याचे जास्तीचे दोन पैसे, यातलं कुठलं परवडतं हे आयांना चांगलं कळायचं. जास्तीचे पैसे म्हणजे वाईट दिवसांसाठी रोज भरलेला हप्ताच होता.

खानावळीची वही मात्र अवघड.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडून पुरुष गिरणीत यायचा, बायकापोरं गावी. राहायला गावकीची खोली. एकेका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपणारे, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. भाडं मंडळ भरायचं; त्याच मंडळाच्या वर्गणीतून गावच्या शाळेवर पत्रे चढायचे, देवळाला कळस बसायचा. पण खोलीत चूल नसे. जेवण चाळीतल्याच एखाद्या बाईकडे. कुणाकडे आठ मेंबर, कुणाकडे वीस. पहिल्या पाळीवाल्याला सकाळी सातच्या आत गिरणीच्या दारात पोचायचं, म्हणजे बाईचा स्टो पहाटे चारला पेटायचा. दुसऱ्या पाळीवाला रात्री उशिरा जेवणार, म्हणजे झाकपाक व्हायला बारा. मधले चार तास तिची रात्र.

आणि या कामाला बाईची नोकरी असं कुणी म्हणत नसे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. पुढे बायकांना रात्रपाळीची मनाई झाली, बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकांना नकोसा झाला, वाइंडिंग-रिलिंग खात्यांत नवी यंत्रं आली, आणि आमच्या आयांच्या वेळेपर्यंत गिरणीतल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. गिरणीने बाहेर काढलेल्या बायकांनीच मग गिरणीचा कामगार जेवू घातला. कापडाच्या भावात त्यांच्या भाकरीचा आणा कुणी धरला नाही.

वहीत एकेका मेंबराच्या नावाचं पान. तारखेपुढे सकाळ-संध्याकाळच्या खुणा. गावी गेला, पाहुण्याकडे जेवला, की 'खाडा'. खाड्यावरून महिन्याअखेर जी वादावादी व्हायची तिच्यापुढे पानिपत फिकं. म्हणून नियम केलेला असे: आदल्या संध्याकाळी सांगितलं तरच खाडा, नाहीतर तांदूळ धुतले गेले, पैसे लागू. रविवारचं मटण महिन्यात धरायचं की वेगळं, यावर चाळीचाळीत वेगवेगळे कायदे. आमच्याकडचा एक नियम मात्र मला अजून विलक्षण वाटतो. मेंबर तापाने पडला तर त्या दिवसांचे पैसे अर्धे, आणि पेज त्याच्या खोलीवर पोचवायची. ती पेज पोचवायला आम्हीच जायचो. आई याला दया म्हणत नव्हती. तिचा हिशेब सरळ होता: माणूस उठला तर कामावर जाईल, कामावर गेला तर मागचं देईल. दया असती तर एखाद्या दिवशी आटली असती. नियम होता, म्हणून वर्षानुवर्षं चालला.

बाईच्या हातात मात्र खेळतं भांडवल नसायचं. धान्य वाण्याकडून उधार, रॉकेलला पैसे नसले की मंगळसूत्र गहाण. १९७४च्या सुमारास गिरण्यांचा मोठा संप झाला. मेंबरांचा पगार बंद, पण पोट चालूच. बायकांनी संपकऱ्यांना उधार जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या वहीत बुडाल्या. प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यात पायाला गोळी लागलेली ही बाई, कामगार चळवळीत मुरलेली. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबांना बँका कर्ज देणार असं सरकार सांगत होतं. मग खानावळवाल्या बायकांना का नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तारण काय ठेवणार? तारण म्हणून बायकांचा गटच उभा केला. एकीने घेतलेल्या कर्जाला बाकीच्या जामीन. १९७५ साली त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सूक्ष्म कर्ज हा शब्द पुढे जगभर गाजला; आमच्याकडे त्याला नुसतं 'बँकेचं कर्ज' म्हणत.

त्या कर्जाच्या निमित्ताने पोरींना नवं काम लागलं. बँकेचा फॉर्म वाचून दाखवायचा, नाव-पत्ता भरायचा. आणि त्याहून मोठं म्हणजे आईला सही शिकवायची. अंगठा चालला असता, पण पुष्कळजणी हट्टाला पेटल्या. भाकऱ्या थापून झाल्यावर, स्टोची वात उतरवून, आमच्याच जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्या नाव गिरवत बसायच्या. माहेरचं लिहायचं की सासरचं, यावर एकदा गॅलरीत मोठी चर्चा झडली होती. बहुतेकींनी नुसतं पाळण्यातलं नाव लिहिलं.

तिकडे गिरगावात त्याच्या बऱ्याच आधी, १५ मार्च १९५९ला, सात गुजराती बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या होत्या. ८० रुपये उसने घेऊन. देणगी घ्यायची नाही आणि नफा असो की तोटा, सगळ्यांनी सारखा वाटायचा, हे त्यांचं पहिल्यापासूनचं धोरण. लिज्जतची पुढची कहाणी सगळ्यांना पाठ आहे, ती मी सांगत नाही. डबेवाल्यांचंही सोडते, त्यांच्यावर तर व्यवस्थापनवाल्यांनी पुस्तकं भरलीत. एवढंच म्हणते की लिज्जतच्या बायका एकमेकींना 'बहीण' म्हणत, पण बहिणीच्या पिठाचंही वजन व्हायचं, तिच्या पापडाचीही तपासणी व्हायची. नातं होतं म्हणून मापात सूट नव्हती.

पुरुषांच्या बाजूलाही अशा संस्था होत्या. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांनी स्वतःची ग्राहक संस्था काढली, तिचाच पुढे अपना बाजार झाला. कामगार कल्याण मंडळाची केंद्रं होती. त्यांचा कायदा १९५३चा, आणि त्यातली एक तरतूद मला फार आवडते: कामगारांकडून कापलेला दंड आणि त्यांनी न उचललेला पगार मालकाने गिळायचा नाही, कल्याण निधीत भरायचा. कुणा जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, कुणा बदलीवाल्याला केलेल्या दंडातून आमचा शिवणाचा वर्ग चालला असेल, बालवाडीतले झोके आले असतील. कामगार नाट्यस्पर्धांतून तर मराठी रंगभूमीला माणसं मिळाली. आरेच्या दूधकेंद्रांवर पहाटे कॉलेजात शिकणारी मुलं बाटल्या द्यायची, त्यातून त्यांची फी निघायची. हे सगळं नफ्याच्या कोष्टकात कुठे बसतं ते शोधायला जाऊ नये.

१९७२चा दुष्काळ आला आणि वह्यांचे आकडे सुटायला लागले. रेशनवर मिलो, म्हणजे ती तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकरी तोंडात फिरायची, पोटात नाही. तेल, रवा, साखर, रॉकेल सगळ्यालाच रांगा. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाईविरोधी समिती काढली आणि आमच्या आया थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. लोक त्या मोर्च्यांचा आवाज आठवतात. मला आठवतात मोर्च्याच्या आदल्या रात्री काढलेले भाव. गेल्या दिवाळीला तेल काय होतं, आज काय आहे, वाण्याकडे काय आणि रेशनवर काय. ते आमच्याच वह्यांतून निघायचे. अहिल्याताईंसारख्या बाईसमोर मंत्री बोलायला उभा राहिला की त्याच्या पंचाईतीचं अर्धं कारण ते आकडे असायचे, असा आमचा आपला समज.

१९७५च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके यांच्यासारखी माणसं त्यात होती. कल्पना अशी की दुकानच नको. शेजारच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरायची, पैसे आधी द्यायचे, माल घाऊकात घ्यायचा. माल एका घरी उतरायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी जमून वाटून घ्यायचा. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वाटपाचा तो दिवस आठवेल. हॉलमध्ये सतरंजी, गोणी उघडलेल्या, कुणी नावं पुकारतंय, कुणी पिशव्यांवर खडूने नंबर घालतंय, आणि डाळीत खडा निघाला तर तो कागदात बांधून पंचायतीकडे पाठवायची तयारी. ती नुसती स्वस्ताई नव्हती. कुणाच्या यादीत अचानक तूप कमी झालं, कुणी दोन महिने यादीच दिली नाही, हे संघप्रमुख बाईला दिसायचं आणि ती संध्याकाळी सहज म्हणून त्या घरी जाऊन यायची.

इथे एक सांगितलंच पाहिजे. आमच्या चाळीत पंचायतीचा संघ रुजला नाही. पैसे आधी भरायचे होते ना! ज्याचं घर उधारीवर चाललंय तो आगाऊ कुठून भरणार? दादर-पार्ल्याच्या मास्तर-कारकुनांच्या घरांना जे जमलं ते साचेखात्यातल्या, म्हणजे विणकाम खात्यातल्या, बदलीवाल्याला जमणं कठीण होतं. दोन्ही योजना चांगल्याच, पण एकीच्या पायाखाली पक्का पगार होता आणि दुसरीच्या पायाखाली वाण्याची वही. भल्याच्या व्यवस्थेलाही आधी थोडी पुंजी लागते, हे आठवणींच्या भरात विसरलं जातं.

विसरलं जातं असं आणखीही आहे. कुठल्या खानावळीत कोण जेवणार हे पोटावर नाही, जातीवर ठरायचं. बीडीडी चाळींतल्या दलित कामगाराला आमच्या ओटीवर ताट नव्हतं, आणि ते आम्हाला तेव्हा खटकलंही नाही. गिरणीतही साचेखातं त्याला बंद. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त होता, हेही लक्षात ठेवायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपात हा प्रश्न नेत्यांपुढे ठेवला. पण त्यानंतरही दार काही सहज उघडलं नाही. वहीत ज्याचं पान आहे त्याचा ताप आपला, ज्याचं पान नाही त्याचा ताप कुणाचाच नाही. गावकीच्या खोलीतही बाईला जागा नव्हती. नवरा वारल्यावर तिने मुंबईत कुठे टेकायचं याचा ठराव कुठल्याच मंडळाने केलेला मला माहीत नाही. आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर आयांनी काय खाल्लं, याचा तर रकानाच नव्हता. आम्ही लिहिणाऱ्या, पण आम्हीही तो आखला नाही.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. कामगारनेते दत्ता सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले दोन-तीन महिने वह्यांना सवय होती. येण्याचा रकाना फुगतो, मग पगार सुरू झाला की उतरतो. या वेळी तो उतरलाच नाही. उन्हाळ्यात मेंबर गावी गेले, 'सुरू झालं की येतो' म्हणून. पेट्या ठेवून गेले. वाणीही शेवटी थकला, कारण त्याला माल देणारा घाऊक व्यापारी काही चाळीत राहत नव्हता. आया मलबार हिलवर, वरळी सी फेसवर भांडी घासायला जाऊ लागल्या, कुणी भाजीची पाटी उचलली, कुणी चाकरमान्यांच्या घरी पोळ्या लाटल्या. आम्ही तोवर वयात आलेल्या, टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या; घरातला पहिला पक्का पगार पुष्कळ ठिकाणी आमचा होता. कारकुनी कामाला आली म्हणायची.

खानावळीच्या त्या शेवटच्या वह्यांतलं येणं पुढे कुणी फेडलं, कुणी नाही. काहींनी कोकणातून तांदळाचं पोतं पाठवलं आणि आईने त्याची किंमत धरून बाकी वजा केली. काहीजण वारले. एकाच्या मुलाने कितीतरी वर्षांनी पत्ता शोधत येऊन बापाची बाकी विचारली. आईने वही काढली, आकडा सांगितला आणि घेतलाही. घेतला याचं तेव्हा आम्हाला अवघडल्यासारखं झालं होतं. आता वाटतं, बरोबर केलं. माफ केलं असतं तर तो मान खाली घालून गेला असता.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे काय झालं ते लोअर परळला उतरणाऱ्या कुणालाही दिसतं. त्या काचेच्या इमारतींच्या तळाशी दुपारी मोटरसायकली लावून पोरं बसलेली असतात, पाठीवर चौकोनी पिशव्या. तीही सातारा-सांगलीकडची, नाहीतर आझमगढ-गोंड्याची. दुसऱ्यांची गरम जेवणं पोचवतात आणि स्वतः वडापाव खातात. काम मिळेल तसे पैसे, न मिळालं तर खाडा. बदलीवाला म्हणतात तो हाच, फक्त त्याचा जॉबर आता फोनमध्ये राहतो. पण त्याला ताप आला तर पेज कोण पोचवणार? त्याच्या नावाचं पान कुठल्याच वहीत नाही. आमच्या आयांना हा प्रश्न पडला असता आणि तो त्यांनी सोडवलाही असता, पहिला मेंबर घेऊन.

आमच्या पिढीतल्या बऱ्याचजणी आता डोंबिवली, विरार, पनवेलच्या सोसायट्यांत आहेत. निवृत्त झालोत, गुडघे दुखतात, वेळ आहे आणि हिशेब अजून पक्का आहे. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुलं पाठवण्यापेक्षा एक काम करता येईल. ग्राहक पंचायतीचे संघ अजून चालू आहेत. अन्नपूर्णा आहे, लिज्जतमध्ये तर चाळीस हजारांवर बहिणी आहेत. नव्याने शोध लावायची गरज नाही. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरची भांडणं संपली की हात वर करा आणि दोन विषय मांडा. दहा घरांची एकत्र किराणा यादी, आणि इमारतीत एकटी राहणारी माणसं, वॉचमन, सफाईवाले यांच्यापैकी कुणी आजारी पडलं तर दोन वेळचं जेवण कुणाच्या घरून, कुठल्या वारी, किती पैशांत. पैसे ठरवाच, फुकट ठेवू नका. आणि आजच्या पोरींना नुसतं ॲप उघडून देऊ नका. एक वही द्या, वर तारीख घालायला लावा, आणि या वेळी स्वयंपाक करणारीच्या जेवणाचा रकाना आधी आखायला सांगा.